मोरीच्या डोहातली सुरमई

मिरकरवाड्याच्या बंदरावर सगळे एक गोष्ट सांगतात, की रमजान तांडेलाला आजवर कोणी फसवू शकला नाय. सांगणारा बहुतेक वेळा रमजान तांडेल स्वतःच असतो. पण सांगतो इतक्या जोरात, की बर्फ फोडायच्या मशीनचा आवाज त्याच्यापुढं मांजरीसारखा वाटतो!

तांडेल म्हणजे कोण, ते बंदराबाहेरच्या मंडळींना सांगायला हवं. बोट मालकाची, जाळं मालकाचं, डिझेल मालकाचं. पण एकदा बोट समुद्रात गेली की नाक कुठं वळवायचं आणि जाळं कुठं सोडायचं, हे ठरवतो तो तांडेल. त्याची सगळी इस्टेट डोक्यात. कुठल्या वाऱ्याला कुठल्या पाण्यात मासळी उभी राहते ते तो जाणतो आणि मरेपर्यंत कोणाला सांगत नाय! बंदराचा कायदाच आहे तो. बोट भरून आली आणि कोणी विचारलं, "कुठं मिळाली रे?" तर पश्चिमेला हात हलवायचा आणि म्हणायचं, "बाहेर." पश्चिमेला अख्खा अरबी समुद्र पडलाय, थेट मस्कतपर्यंत. घ्या शोधून!

वायरलेसवर तर खोटं बोलणं ही रीतच. इकडं जाळं फाटायला आलेलं असतं आणि तांडेल रडक्या आवाजात सांगत असतो, "काय नाय रे बाबा, नुसते जेलीफिश." ऐकणाऱ्याला माहीत असतं की हा खोटं बोलतोय. बोलणाऱ्यालाही माहीत असतं की त्याला माहीत आहे. तरी पण समोरचा बिचारा म्हणतोच, "अरेरे! आमच्याकडं पण तसंच."

अशा माणसाच्या पोटी नबीला जन्माला आली! पोरीच्या पोटात खोटं ठरतच नाय. ती शाळेत नुकती जायला लागली तेव्हाची गोष्ट. शेजारच्या फुजैलनं सहज विचारलान, "काल अब्बा कुठं गेला होता गो?" तर हिनं पाटी काढलीन आणि किल्ल्याचं दीपगृह, बाणकोट बाजू, खडक, वारा, सगळं काढून नकाशा दिलान त्याच्या हातात! घरात अब्बाचं बोलणं ऐकून ऐकून पोरीला पाठ झालं होतं. तेव्हापासून रमजान घरात सुद्धा "बाहेर" एवढंच सांगतो. बायकोलाही.

आता नबीला कॉलेजात आहे, आणि 'जनकोश' नावाच्या साईटवर लिहिते. म्हणजे कशी साईट, की जगातली सगळी माहिती तिथं, आणि लिहिणारे कोण, तर तुम्ही-आम्ही. कोणीही लिहावं, चुकलं तर कोणीही सुधारावं. नबीलानं तिथं रत्नागिरीच्या मासेमारीवर एक पान लिहिलंन. कुठली मासळी, कुठलं जाळं, कुठला वारा, वर बंदरातल्या बोटींचे फोटो. मिरकरवाड्यात कोणी जनकोशाचं नाव ऐकलं नव्हतं. पण फोटोत आपली बोट दिसते कळल्यावर सगळं बंदर ते पान उघडून बसायला लागलं. लग्नाचा अल्बम सुद्धा कोणी इतक्या वेळा बघत नाय!

एक दिवस दुपारी रमजान जेवून पडला होता आणि त्याची बायको हफीजा मोरीशी भांडत होती. मोरी तुंबली होती. नबीला फोन घेऊन बसली होती.

"अम्मी, माझ्या ईदीतले थोडे जनकोशला दिले," ती म्हणाली.

रमजान ताडकन उठला. "कोणाला दिलंस? कंपनीला?"

"कंपनी नाय अब्बा. ते वर पट्टी दाखवतात ना, की साईट चालवायला मदत करा. जाहिरात घेत नायत, माहिती विकत नायत. मग पैसा कुठून येणार? वाचणारेच देतात थोडं थोडं."

"आणि तू जे लिहितेस त्याचे?"

"त्याचे काय नाय. सगळे फुकट लिहितात."

 रमजानच्या डोक्यात हिशोब बसेना. बोटीवर कसं असतं, मासळी विकली की वाटे पडतात. एक वाटा बोटीचा, एक जाळ्याचा, एक इंजिनाचा, मग तांडेल, मग खलाशी. इंजिनाला सुद्धा वाटा असतो, जे रात्रंदिवस धूर ओकतं!

"मग जाळं ओढणाऱ्याला वाटा नाय, आणि बोटीचा वाटा पण तूच द्यायचा?" तो म्हणाला. "असला धंदा मी मस्कतात पण नाय बघितला!"

"धंदा नायच तो अब्बा."

"मग खरं-खोटं कोण बघतो? उद्या कोणी लिहिलान की बांगडा झाडावर लागतो?"

"तर दुसरा पुसतो. संदर्भ लागतो. कुठं छापलंय, कोणी सांगितलंय, ते दाखवायला लागतं. आपल्या पानावर मीच लक्ष ठेवते. बंदरावर कोणालाही विचारा, नबीलाच्या पानावर खोटं टिकत नाय."

हे मात्र खरं होतं. आणि हेच वाक्य रमजानच्या डोक्यात हुकासारखं अडकलं!

कारण त्याच आठवड्यात विमलाबाईनं जाहीर केलं होतं. विमलाबाई म्हणजे दोन बोटींची मालकीण. नवऱ्याच्या मागं तिनं धंदा असा सांभाळलान की लिलावात तिचा आवाज आला की मुंबईचे व्यापारी चप्पल घालून पळायच्या तयारीत राहतात. तिच्या एका बोटीवर रमजान तांडेल, दुसरीवर फुजैल, तोच पाटीवरचा नकाशा मिळालेला. आणि तिसरी बोट नवी कोरी, धक्क्यावर रंग लावून उभी! मोठं इंजिन, मासळी शोधायचं यंत्र, तांडेलाला झोपायला गादी!

"ऐका रे दोघांनी," विमलाबाई म्हणाली होती. "आता सुरमईचा हंगाम हाय. या फेरीला जो भरून येईल, नवी बोट त्याची. मग माझ्या दारात रडायला यायचं नाय कोणी."

रमजानला ती बोट हवी होती. गादीसाठी नव्हे, देवाशप्पथ! आयुष्यभर तो जुन्या बोटींवरच राहिला होता. दुसऱ्यानं चालवून थकवलेली इंजिनं, ठिगळं लावलेली जाळी. एकदा तरी कोरी बोट आपल्या हातानं बंदराबाहेर काढावी आणि सगळ्या धक्क्यानं बघावं, एवढीच बिचाऱ्याची हौस. आणि सुरमई कुठं असणार ते त्याला पक्कं माहीत होतं. त्याची एक जागा होती. अडचण एकच. फुजैल दर फेरीला दिवे मालवून त्याच्या मागं मागं यायचा! कुत्रं मासळीवालीच्या मागं येतं तसं.

तेव्हा फुजैलला दुसरीकडं धाडायला हवं होतं. तोंडानं सांगून काय उपयोग नव्हता. रमजाननं सांगितलं की सूर्य पूर्वेला उगवतो, तर फुजैल आधी पश्चिमेला बघून घेईल! पण नबीलाच्या पानावर छापून आलं तर?

दुसऱ्या दिवशी बोटीच्या केबिनमध्ये दार लावून रमजाननं फोन तोंडापाशी धरलान. टाईप करणं त्याला जमत नाय, पण आता फोनला बोललं तरी लिहितो. जागा त्यानं निवडली होती ती अशी की तिथं खेकडा सुद्धा उभा राहात नाय. नुसता चिखल! फक्त नाव पाहिजे होतं. घरची मोरी अजून तुंबलेलीच, सकाळपासून हफीजाचं 'मोरी, मोरी' ओरडणं कानात बसलं होतं, तेच तोंडाला आलं.

"किल्ल्याच्या दीपगृहासमोर, गुहागर बाजूला तोंड करून, खोल पाण्यात जुन्या लोकांचा मोरीचा डोह आहे. या दिवसांत तिथं सुरमई जमते."

साईटवर नाव न सांगता लिहिलं की 'पाहुणा' एवढंच दिसतं. रमजान पाहुणा खूष होऊन चहा प्यायला गेला. चहा संपायच्या आत ओळ गायब!

नबीलानं पुसली होती. खाली लिहिलं होतं, 'संदर्भ नाही.'

रमजाननं परत लावलीन. तिनं परत पुसलीन. परत लावलीन, परत पुसलीन. बाप केबिनमध्ये, पोरगी कॉलेजच्या बाकावर, आणि मधल्या मध्ये मोरीचा डोह भरती-ओहोटीसारखा येतोय आणि जातोय!

मग रमजानला युक्ती सुचली. त्यानं साईटवर चंदा भरलान. चांगला, सढळ हातानं. आणि संध्याकाळी जेवताना साळसूदपणे विचारलान, "बाय, समज एखाद्यानं त्यांना चंदा दिला. तर त्याची ओळ पुसत नसतील ना?"

"का नाय पुसणार? पैशाचा आणि ओळीचा काय संबंध?"

"काय संबंध?" रमजानचा घास हातातच राहिला. "अगो, मशिदीला पंखा दिला तर पंख्यावर नाव लिहितात! तिन्ही पात्यांवर लिहितात!"

"म्हणून तर साईट विश्वासाची आहे अब्बा. पैसे देणाऱ्याचं ऐकायला लागले तर मग जाहिरातच झाली ती."

"आणि चंदा?"

"तो वीज-मशीनला लागतो. तुम्ही कशाला विचारता?"

"मी कशाला विचारू! बंदरावर कोणीतरी म्हणत होता."

हफीजा नुसती भात वाढताना नवऱ्याकडं अशी बघत राहिली, जशी लिलावात बाई डोळा दबलेल्या मासळीकडं बघते.

इथवर सगळं रमजानच्या हातून निसटलं होतं असं तुम्हाला वाटेल. त्यालाही वाटलं. पण दुसऱ्या दिवशी तो बर्फाच्या फॅक्टरीमागं विडी ओढत उभा होता आणि पत्र्याच्या पलीकडून फुजैलचा आवाज आला.

"मी सांगतो ना तुला रावजी! तीन-तीनदा कोणीतरी लिहितो आणि तीन-तीनदा ही पोरगी पुसते. दुसऱ्या कोणाचं काय पुसलं नायन. मोरीच्या डोहाचंच का पुसते?"

"का?" रावजीचा आवाज. रावजी म्हणजे 'किनारा समाचार' या साप्ताहिकाचा संपादक, वार्ताहर, फोटोग्राफर आणि वाटणारा. सगळा तोच.

"अरे बाबा, बापाची जागा हाय ती! बाप लपवतो तोंडानं, पोरगी लपवते बोटानं! कोणीतरी खलाशी फुटलाय आणि लिहितोय बिचारा!"

रमजानच्या हातातली विडी खाली पडली. आनंदानं! नाचावं की आधी विडी उचलावी ते त्याला कळेना. खोटं त्यानं लिहिलं तर कोणी वाचलं नाय, पोरीनं पुसलं तर लगेच खरं झालं!

आठवडा उलटायच्या आत 'किनारा समाचार'मध्ये पहिल्या पानावर बातमी. 'मोरीच्या डोहात सुरमईचा खजिना? जाणकारांचा दावा.' जाणकार म्हणजे फुजैल. फुजैलला कोणी सांगितलं, तर जनकोशानं. आणि बातमी छापून आल्या आल्या फुजैलनं ती ओळ परत जनकोशावर चढवलीन, खाली ठसक्यात संदर्भ देऊन, 'पाहा: किनारा समाचार'!

आता नबीलाचे हात बांधले गेले. संदर्भ आहे, तर पुसायचं कसं?

पण गोष्ट तिथं थांबली असती तर मी तुम्हाला सांगायला बसलो नसतो. सगळं बंदर नबीलाच्या मागं लागलं. ती लिलावाच्या शेडवरून जायला लागली की मासळीवाल्या सुरीला पाणी लावता लावता सुरू.

"काय गो नबीला, खऱ्याची पुतळी ना तू?" तुळसा म्हणाली. "बापाची जागा बरी झाकलीस!"

"मौशी, मला माहीत पण नाय ती जागा कुठं हाय!"

"व्हय व्हय. लहानपणी पाटीवर काढायचीस, आता माहीत नाय म्हणतेस!"

वर कोणीतरी जनकोशावरच तक्रार केलीन, की ही बाई बापाच्या धंद्यासाठी माहिती दडवते. तिथं एक राजश्रीताई म्हणून आहेत, नागपूरच्या, निवृत्त शिक्षिका. तक्रारी बघायचं काम फुकटच करतात, पण कलेक्टरच्या वर कडक! त्यांनी नबीलाला लिहिलं, की तुमच्यावर आरोप आहे, खुलासा करा, नायतर तुमचं लिहिणं बंद करायला लागेल.

पोरगी घरी आली ती डोळे लाल करून. रमजान बोटीवर डबा नेण्याच्या तयारीत होता. फेरीला निघायचं होतं.

"अब्बा, एकदाच खरं सांगा. मोरीच्या डोहात सुरमई आहे का?"

झालं! आता आली का पंचाईत! 'नाय' म्हणावं तर पोरगी लगेच पानावर लिहिणार, सगळ्या बोटी तिकडचा बेत सोडणार, फुजैल परत शेपटाला, आणि नवी बोट गेली! 'हाय' म्हणावं तर पोरीला तोंडावर खोटं सांगायचं. बंदरावर रमजान कोणालाही खोटं सांगेल, पोलिसाला सांगेल, विमलाबाईला सुद्धा सांगेल. पण या पोरीसमोर खोटं बोलायला गेला की त्याचा कान खाजतो. खाजायला लागला.

"समुद्राचं काय सांगावं बाय," तो कान चोळत म्हणाला. "आज नाय, उद्या हाय."

"म्हणजे?"

"म्हणजे उशीर झाला मला. भरती गाठायची हाय."

दारात हफीजानं डबा हातात दिलान आणि हळूच म्हणाली, "काय पण योगायोग म्हणते मी. आपली मोरी तुंबली तेव्हाच समुद्रात पण मोरी निघाली!"

रमजान चप्पल उलटी घालून निघाला.

बंदरातून बोटी सुटल्या त्या वरातीसारख्या. पुढं फुजैल, मागं सगळा मिरकरवाडा! आयुष्यात पहिल्यांदा फुजैल रमजानच्या मागं नव्हता. रमजाननं मोठ्या ऐटीत उलट्या दिशेला सुकाणू फिरवलान. "जा रे पोरांनो, चिखल काढा," तो मनात म्हणाला. त्याच्या जागेवर येऊन त्यानं जाळं सोडलान. नवी बोट डोळ्यापुढं दिसत होती. रंग सुद्धा ठरवला होता.

जाळं ओढलं. जेलीफिश.

"पहिलं असंच असतं," तो खलाशांना म्हणाला.

परत सोडलं. जेलीफिश, आणि एक प्लास्टिकची चप्पल. परत सोडलं. त्याच चप्पलेची दुसरी जोड!

खलाशी एकमेकांकडं बघायला लागले. बाबल्या खलाशी तोंडाळ. तो म्हणाला, "तांडेल, नंबर कितीची हाय बघू. माका होते काय!"

तेवढ्यात वायरलेस बोलला. फुजैलचा आवाज, अगदी रडवेला. "चाचा, काय नाय हो इकडं. नुसते जेलीफिश."

रमजानचा जीव भांड्यात पडला! मंडळी, हा माणूस अख्खा जन्म वायरलेसवर खोटं बोलत आणि खोटं ऐकत आला. पण त्या दिवशी फुजैलचा शब्द न शब्द त्याला खरा वाटला. का? तर तिथं नुसता चिखल आहे, हे त्याला ठाऊक होतं ना! म्हणजे सगळ्यांचीच जाळी रिकामी. म्हणजे अजून काय बिघडलं नाय.

"आमच्याकडं पण तसंच रे," तो म्हणाला. जन्मात पहिल्यांदा वायरलेसवर खरं बोलला. "देवाशप्पथ जेलीफिश!"

पलीकडून सगळ्या बोटींवरचं हसू ऐकू आलं. "चाचा भरलेत वाटतं!" कोणीतरी ओरडला.

परतताना समुद्र शांत होता, आणि असल्या शांत पाण्यात इंजिनाच्या आवाजाखाली मन बडबडायला लागतं. नबीलाचे लाल डोळे काय जाईनात. फुकट लिहिते बिचारी. ईदीचे पैसे घालते. एक ओळ खोटी राहू नये म्हणून कॉलेजच्या बाकावर जेवण सोडून बसते. आणि आपण तिच्याच नावावर चिखल विकला! रमजाननं ठरवलान. बोट गेली तर गेली. घरी जायचं आणि सांगून टाकायचं, पाहुणा मीच होतो, डोह-बिह काय नाय, लिही तुझ्या राजश्रीताईंना. बंदर हसेल, हसू दे. एवढं ठरवल्यावर त्याला इतकं हलकं वाटलं की तो गुणगुणायला लागला. बाबल्याला वाटलं, चपलांचा धक्का बसला!

बंदराच्या तोंडाशी आले तर धक्क्यावर ही गर्दी! रिक्षा, टेम्पो, बर्फाच्या गाड्या, लांज्याचे व्यापारी सुद्धा धावत आलेले. रमजानला वाटलं कोणी बुडालं की काय. जवळ आला आणि बघतो तर काय! फुजैलच्या बोटीवर सुरमई! केबिनच्या दारापर्यंत सुरमई! शेजारच्या बोटीवर सुरमई, पलीकडच्या बोटीवर सुरमई, माणसं पाय ठेवायला जागा शोधतायत! चांदीची भांडी उन्हात मांडून ठेवावीत तसा धक्का चमकत होता.

"चाचा!" फुजैल उडी मारून रमजानच्या बोटीवर आला आणि त्यानं मिठीच मारलीन. "चाचा, मोरीचा डोह! काय जागा हो! जन्मात नाय बघितली अशी!"

 त्या चिखलात सुरमई कुठून आली, कोणता वारा फिरला, कोणतं पाणी वळलं, अल्लाला माहीत!

"पण चाचा," फुजैलनं वाकून रमजानच्या बोटीत बघितलान. जेलीफिश. आणि चपला. "तुम्ही का नाय आलात तिकडं?"

 हजार डोळे रमजानवर.

आता बघा तुम्हीच. खरं सांगावं, की ती जागा मी थाप मारून लिहिली, तर बंदर म्हणणार खोटारडा. आणि वर म्हणणार गाढव! सगळ्या बंदराला खजिन्यावर धाडलान आणि स्वतः चपला गोळा करत बसला! नुसतं खोटारडा म्हटलं असतं तर रमजाननं घेतलंही असतं. बोटीवर ठरवलंच होतं ना. पण गाढव?

तो तोंड उघडतोय तोवर तुळसा पुढं आली. पदर डोळ्याला लावून म्हणाली, "मी सांगते का नाय आला! आपली जागा फुटली, सगळ्यांना कळली. आता पोरांना दोन घास मिळू देत म्हणून हा माणूस आपण होऊन दुसरीकडं गेला रे! आणि आम्ही याच्या पोरीला नाय नाय ते बोललो!"

"खरं की काय चाचा?" फुजैलनं विचारलान.

रमजाननं समुद्राकडं बघितलान. कान खाजत होता, तो जोरात खाजवलान. "जाऊ दे रे," तो म्हणाला. "जाऊ दे ते आता."

रावजीनं फोटो काढलान. कोणीतरी हार आणलान. बंदरावर हार कुठून आला देव जाणे, बहुतेक नव्या बोटीसाठी आणलेला असणार!

मग विमलाबाई आली. तिनं फुजैलच्या सुरमया बघितल्यान. रमजानचा हार बघितलान. मग त्याच्या चपला बघितल्यान, दोन्ही.

"रमजान," ती म्हणाली, "एवढ्या मोठ्या मनाचा माणूस माझ्या बोटीवर हाय, मला ठाऊकच नव्हतं रे."

"काय बोलता बाई..."

"नाय, खरंच. पण कसं हाय, बोटीला डिझेल लागतं, मन नाय लागत. असला दानशूर तांडेल नव्या बोटीवर ठेवला तर मी सहा महिन्यांत धक्क्यावर कोळंबी सोलत बसेन. नवी बोट फुजैलची. तू जुन्या बोटीवर राहा आणि पुण्य कमव."

आणि जाताना कोणाला ऐकू जाणार नाय अशा बेतानं वाकून म्हणाली, "आणि मेल्या, पुढच्या वेळी थाप मारलीस तर निदान स्वतः बघायला तरी जा!"

घरी आला तर नबीला दारातच. तिनं गळ्यात हात टाकलान. "अब्बा! राजश्रीताईंनी तक्रार काढून टाकली. म्हणाल्या, माहिती खरी निघाली आणि तुम्ही नियमानं वागलात, दोन्ही गोष्टी एकदम फार क्वचित होतात. आणि अब्बा, मी तुमच्यावर संशय घेत होते. मला वाटलं, तो पाहुणा तुम्हीच!"

"मी?" रमजान म्हणाला.

"माफ करा. कोण होता कोण जाणे. पण खरा माणूस होता बिचारा. मी तीनदा पुसलं तरी हटला नाय."

बोटीवर ठरवलेलं सगळं रमजानच्या ओठापर्यंत आलं होतं, अगदी दातापर्यंत! पण पोरीचा चेहरा असा फुलला होता की तिथं 'मी' म्हणायला जीभ वळेना. हफीजा आतून बघत होती. ती पदरात तोंड घालून हसली आणि चहा ठेवायला गेली.

चहा पिता पिता रमजान विचार करायला लागला. नवी बोट गेली ती गेली. पण एक गोष्ट उरली होती की! आता त्याला एक नवी जागा माहीत झाली होती. खरीखुरी, सुरमईची! पुढच्या फेरीला गुपचूप जायचं, भरून आणायचं, विमलाबाईच्या दारात ओतायचं. फक्त ती ओळ तिथं राहिली तर हर्णैपासून देवगडपर्यंतच्या बोटी येऊन बसतील.

त्यानं इकडं तिकडं बघितलान. फोन काढलान. पान उघडलान. मोरीचा डोह दिसला. अंगठा दाबलान आणि पुसून टाकलान.

चहाचा पुढचा घोट घेतो न घेतो तोवर आतल्या खोलीतून नबीलाची आरोळी.

"अब्बा! कोणीतरी पाहुणा येऊन तुमच्या डोहाची ओळ पुसत होता! जळतात मेले! पण मी लगेच परत लावली. आणि राजश्रीताईंनी तर पानाला कुलूपच घातलं. आता कोणाच्या बापाला पुसता येणार नाय!"

"शाबास गो बाय," रमजान म्हणाला, आणि कान खाजवत बसला.